वरून पडणारं पाणी

धबधबा बघायला गेलो होतो. एकटाच. कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. शनिवारच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं असतं, “काय कवी, आता झरे, पाखरं, चांदणं? मग पत्रकं कोण वाटणार, आम्ही?” आणि सगळे हसले असते. त्यांचं चुकत नाही. शाळेच्या पुस्तकातल्या धबधब्याच्या कविता आम्ही घोकल्या. त्या कवितांमध्ये धबधब्याखाली कोण उभा आहे, त्याला तिथवर जायला सुट्टी कुणी दिली, परत आल्यावर त्याची मजुरी कापली की नाही, हे कुठंच नव्हतं. मी स्वतः इथंच, ह्याच पानांवर लिहिलं होतं की निसर्ग ही भरल्या पोटाची चैन आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचंय. तेव्हा कुणी तो लेख आज माझ्या तोंडावर मारला तर मी काही बोलणार नाही. पण आधी वाचा. धबधब्याचं कौतुक करायला हे लिहीत नाही. तिथं माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती सांगायची आहे.

आमची गिरणी भिवंडीत. गिरणी म्हणजे काय, पत्र्याची शेड आणि आत चोवीस लूम. पण घरात आम्ही अजून गिरणीच म्हणतो. आजा आणि पणजा परळच्या गिरणीत होते, त्यांचा शब्द घरात राहिला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजा त्यातलाच एक. तो पुन्हा आत गेलाच नाही. कापडाचं काम मुंबईतून भिवंडीकडं सरकत होतं, त्याच्या मागोमाग आजाही सरकला, आणि गावाकडची माणसं त्यानं इथं आणली. बाप लूमवर गेला. मी दहावी नापास झालो आणि मीही लूमवर गेलो. बारा तासांची पाळी. मीटरवर पैसे. लूम चाललं तर मजुरी, थांबलं तर नाही.

तो जुलैतला बुधवार होता. पहाटे पहाटे ट्रान्सफॉर्मर जळाला आणि सगळी गल्ली मुकी झाली. लूम बंद पडल्यावरची शांतता ज्यानं ऐकली नाही त्याला ती सांगता येणार नाही. बाहेर काही आवाज नाही आणि कानात मात्र खटखट खटखट चालूच. मुकादम आला, वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाला, “आज कुछ नहीं होगा. कल आओ.” यूपीची पोरं होती ती शेडमध्येच ताग्यांवर आडवी झाली. माझ्या खिशात दोनशे रुपये होते आणि पुढं अख्खा दिवस.

घरी गेलो असतो तर आईनं हंडे देऊन लाइनीत उभं केलं असतं. आमच्या वस्तीपासून थोड्या अंतरावरून मुंबईला पाणी नेणारे नळ जातात. माणूस आतून सरळ चालत जाईल एवढे जाड. तानसा, वैतरणा, भातसा, हे सगळं ह्याच बाजूचं पाणी, आमच्या दारावरून मुंबईला जातं. आमच्या नळाला दिवसाआड पाणी, तेही अर्धा-पाऊण तास, आणि एका नळावर तीस घरं. तेव्हा खरं सांगतो, पाण्याच्या लाइनीतून पळालो आणि पाणी बघायला गेलो. हसायचं तर हसा.

ठाण्यापर्यंत एसटी. तिथून घोडबंदर रोडनं बोरिवलीची बस. पाऊस लागून राहिला होता. नॅशनल पार्कच्या गेटाला उतरलो, तिकीट काढलं. कागदावर नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, मुंबई आणि ठाणे ह्या दोन शहरांच्या मधोमध. आत तुळशी आणि विहार हे दोन तलाव. विहारचं पाणी १८६० साली मुंबईला नळानं मिळायला लागलं. म्हणजे शहराच्या पहिल्या नळाचं पाणी ह्याच जंगलातलं. बिबटे आहेत. आदिवासींचे पाडे आहेत, वारली, कोकणा, महादेव कोळी. ते पार्क व्हायच्या आधीपासून तिथले. आणि कडेकडेनं वस्त्या होत्या, आपल्या माणसांच्या, कामाला आलेल्या सगळ्या जातींच्या. १९९७ साली हायकोर्टाचा हुकूम झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यातल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. झाडं वाचली पाहिजेत, मीही म्हणतो. पण जंगलाला लागून जेव्हा माळ्यांवर माळे चढतात आणि त्या खिडक्या ‘जंगल दिसतं’ म्हणून जास्त भावानं विकल्या जातात, तेव्हा अतिक्रमण ह्या शब्दाचा अर्थ मला नीट लागत नाही. हा विषय वेगळा आहे, त्यावर कुणीतरी लिहा.

गेटापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. बस जाते. मी चालत निघालो. बसचे पैसे वाचवायचे होते, हेही होतंच. पण चालायचंही होतं. लूमवर आम्ही दिवसभर चालतो, हे बाहेरच्याला कळत नाही. सहा लूमच्या मधल्या बोळातून बारा तास पुढं-मागं, पुढं-मागं. पण ते चालणं कुठं पोचत नाही. इथं रस्ता वळत होता, चढत होता. दोन्ही बाजूला साग, ऐन, कळकाची बेटं. रस्त्यावरून एक खेकडा आडवा गेला, मी थांबून त्याला वाट दिली. पहिला अर्धा तास माझे हात कशाला तरी शोधत होते. तुटलेला धागा, संपलेली कांडी. मग हळूहळू हात गप झाले. कानातली खटखट कधी थांबली ते कळलं नाही. एका वळणावर ध्यानात आलं की पावसाचा आवाज ऐकू येतोय. नुसता पावसाचा. सव्वीस वर्षांचा झालोय मी, आणि अंगावर काम नसताना, हातात ओझं नसताना, मागं कुणी नसताना असा चाललेला मला आठवत नाही.

वाटेत एका पहारेकऱ्यानं थांबवलं. “एकटाच? कुठं?” म्हटलं, लेणी बघायला. पिशवी उघडायला लावली. पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाण्याची बाटली. त्यानं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. “दारू नाही ना?” नाही म्हटलं. माझ्या पुढं चौघं जोडीनं गेले होते, त्यांची पिशवी कुणी उघडली नव्हती. पण हे लिहायला बसलो तर अंक पुरणार नाही.

कान्हेरीला दुसरं तिकीट. वर गेलं की डोंगराच्या मधून एक घळ जाते. अलीकडं लेणी, पलीकडं लेणी, मधून पावसाचं पाणी. उन्हाळ्यात तिथं नुसता काळा कातळ असतो. त्या दिवशी तो कातळ दिसतच नव्हता. वरून पांढरं पाणी उड्या घेत येत होतं, पायरी सोडून पायरीवर, आणि घळीत घुसून गरजत होतं. मोठ्या धारेकडं जायला मनाई, तशी पाटी होती, दोरी होती. वाहून जातात माणसं, मनाई बरोबरच आहे. पण बाजूला कातळाच्या कडेवरून एक बारीक धार सुटली होती. माणसाच्या उंचीच्या दीडपट वरून. तिथं चार-दोन पोरं भिजत होती. ती गेल्यावर मी जाऊन उभा राहिलो.

पाणी डोक्यावर पडलं आणि मी ओरडलो. खोटं कशाला बोलू, आनंदानं ओरडलो. बाप मेला तेव्हापासून असा मोठ्यानं ओरडलो नव्हतो. तूस, तेल, खळ, अंगाला चिकटून बसलेलं सगळं निघून चाललंय असं वाटलं. मग तहान लागली. बाटलीतलं पाणी वाटेतच संपलं होतं. मी दोन्ही हातांची ओंजळ केली, मान खाली घातली आणि ओंजळ धारेखाली धरली.

आणि तसाच थांबलो.

हे मी बघितलेलं होतं. म्हणजे बघितलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. आमचं गाव माण तालुक्यातलं. दुष्काळी मुलूख. आज्जी सांगते, “हिरीवर चढायची सोय न्हवती. घागर घिऊन खाली बसायचं. वरच्या आळीच्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरनं वतायची. लांबनं. निम्मं पाणी भुईवर. आन प्याचं आसलं तर वंजळ करायची, मान खाली घालायची.” १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला तेव्हा आज्जी सात-आठ वर्षांची. कायदा दिल्लीत झाला, माणच्या विहिरीपर्यंत तो यायला लई वर्षं लागली. आज्जी हे सांगते तेव्हा हातानं करून दाखवते. अशी ओंजळ, अशी मान. मी लहानपणापासून ती ओंजळ बघत आलो. आणि आता मी तसाच उभा. तीच मान, तेच हात, वरून पडणारं पाणी.

मी स्वतःला म्हटलं, हे पाणी कुणी ओतत नाही रे. हा डोंगर आहे. पी. प्यालो. गोड होतं. पण मान खाली घालून नाही प्यालो. वर तोंड केलं आणि आ करून पाऊस प्यावा तसा प्यालो. मला वाटलं मी जिंकलो. मनातल्या मनात कवितेच्या ओळीसुद्धा जुळायला लागल्या. महाडच्या तळ्यावर, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं ती ओंजळ, आज्जीची ओंजळ, माझी ओंजळ. चांगली कविता झाली असती. तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

पुढचं ऐका.

कातळावर चार पोरं बसली होती, माझ्याच वयाची, जरा कमी. अंगावर चांगले टी-शर्ट. एकानं हाक मारली, “भाऊ, एक फोटो काढता का चौघांचा?” काढला. दोन-तीन काढले, मागं पाणी येईल असे. ते खूश झाले. “या की, बसा. चिवडा घ्या.” बसलो. मला बरं वाटलं. दिवसभर कुणाशी बोललो नव्हतो. मग थंड्याची बाटली पुढं आली. “वरून घ्या हां, दादा.”

ह्यात काही नव्हतं. करोनापासून सगळेच म्हणतात. गिरणीत मीसुद्धा म्हणतो. मी वरून ओतून घेतलं. थोडं नाकात गेलं, सगळे हसलो.

“गाव कुठलं तुमचं?”

“सातारा. माणकडचा.”

“आयला, आम्ही पण साताऱ्याचे! खटाव. माझी आत्या दिलीय माणमध्ये.” त्यानं गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो उडालाच. “आत्याचं तेच गाव की हो! वरच्या आळीला घर आहे, देवळाशेजारी. तुम्ही कुठले? वरच्या आळीचेच का?”

मी “हां” म्हणालो.

एवढंच. एक शब्द. त्याला अर्धा सेकंद लागला असेल. मी विचार केला आणि मग म्हणालो असंही नाही. पाय घसरावा तसं झालं. तोंडातून गेलं.

“मग आपलाच माणूस की!” तो म्हणाला. “लावा तोंड, लावा. वरून काय पिताय परक्यासारखं.”

आणि बाटली परत माझ्याकडं आली. आणि मी तोंड लावलं. आणि प्यालो.

मित्रांनो, हे लिहायला मला तीन आठवडे लागले. बैठकीत मी मोठमोठ्यानं बोलतो. कुणी आडनाव बदललं म्हणून, कुणी शहरात जाऊन भाड्याच्या खोलीसाठी जात लपवली म्हणून मी ज्यांना ज्यांना शिव्या दिल्या, ती सगळी नावं मला त्या कातळावर आठवली. त्यांना निदान खोली हवी होती. पोरांना शाळा हवी होती. मला काय हवं होतं? घोटभर थंडा? तिथं कुणी काठी घेऊन उभं नव्हतं. भूक नव्हती, तहान तर आत्ताच भागली होती. त्या पोरांनी मला धमकावलं नव्हतं, उलट ती मायेनं बोलत होती.

आणि हेच मला नंतर जास्त बोचलं. कदाचित त्यांनी खरं ऐकूनही बाटली तशीच दिली असती. ‘असू दे की दादा’ म्हणाली असती. मग मी त्यांच्यावर केवढा अन्याय केला. आणि नसती दिली, तर मला कळलं असतं, त्यांनाही स्वतःबद्दल कळलं असतं. मी दोन्ही होऊ दिलं नाही. परीक्षा त्यांचीही होती आणि माझीही, आणि मी पेपर फाडून उठलो. आम्ही म्हणतो, जात त्यांच्या डोक्यात आहे. आहेच. पण त्या दिवशी ती माझ्या जिभेवर होती, माझी वाट बघत.

काम आहे म्हणालो आणि उठलो. त्यातल्या एकानं पाठीवर थाप मारली. ती थाप अजून तिथंच आहे.

लेणी चढलो. शंभरावर लेणी आहेत तिथं, इसवी सनाच्या सुरुवातीच्या थोडं आधीपासून पुढं हजारएक वर्षं माणसं तो कातळ कोरत राहिली. डोंगराचं जुनं नाव कान्हगिरी, कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य मोठा. त्याच्या ओसरीत दोन्ही अंगाला उभे बुद्ध, वीस-बावीस फुटांचे. एरवी मी त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहतो. त्या दिवशी मान वर झाली नाही. पुढं गेलो. लहान लहान विहार, आत कातळाचाच ओटा, भिक्खूंना निजायला. आणि जवळजवळ प्रत्येक विहारापाशी पाण्याची पोढी. डोंगरावर पडणारा पाऊस बारीक पन्हळींतून वळवून ह्या टाक्यांत घेतला आहे. वर कुठं, खाली कुठं, सगळं मोजून. मी एका पोढीच्या काठावर बसलो. पाणी काठोकाठ. त्यात पाऊस पडत होता.

मला ती लिपी येत नाही. पण आपल्या विहारातल्या कपाटात लेण्यांवरचं एक पुस्तक आहे, कव्हर नसलेलं, ते मी दोनदा वाचलं आहे. तिथल्या शिलालेखांत राजांपेक्षा साध्या माणसांची नावं जास्त. कल्याणच्या एका सोनारानं पाण्याची पोढी दान दिली. कल्याणच्याच एका लोहारानं वाट बांधून दिली. सोपाऱ्याचे, नाशिकचे व्यापारी आहेत. बाया आहेत, भिक्खुणी आहेत. मोठ्या चैत्याच्या लेखात दगड घडवणाऱ्या कारागिरांचासुद्धा उल्लेख आहे. मी पूर्वी हे वाचलं तेव्हा अभिमान वाटला होता, आपला वारसा वगैरे. त्या दिवशी पोढीवर बसून वेगळंच दिसलं. ही माणसं दान देऊन गप्प बसली नाहीत. दगडावर कोरून ठेवलं त्यांनी. नाव काय, गाव कुठलं, धंदा कुठला. लोहार म्हणजे लोहार. काळं काम, घामाचं काम, पण तो दोन हजार वर्षं त्या डोंगरावर सांगत बसलाय की मी कल्याणचा लोहार, ही वाट माझी. आणि त्याच डोंगरावर, त्याच कल्याणच्या शेजारचा, भिवंडीचा एक लूमवाला, त्याला स्वतःची आळी सांगता आली नाही.

लूमवरून आठवलं. तुमच्यातल्या काहींना माहीत नसेल म्हणून सांगतो. धोट्यात नवी कांडी घातली की धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तोंडानं ओढावा लागायचा. ओठ लावून, श्वास आत घेऊन. दिवसभरात शेकडो वेळा. थुंकी लागते. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. इतर कामगार म्हणायचे, ह्यांच्या उष्ट्याला आम्ही तोंड लावायचं? साचेखात्यात मजुरी जास्त होती, तिथं दार बंद. माझा पणजा जन्मभर रिंगखात्यात राहिला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला, की कामगार म्हणून एक व्हायचं असेल तर आधी हे दार उघडा. आज मी लूमवर आहे. आमचे लूम जुने, घाईत मी अजून धोट्याला तोंड लावतो. माझ्या आधी त्याला यूपीच्या अन्सारीनं लावलेलं असतं, नंतर तेलंगणातला पद्मशाली लावतो. कुणी कुणाला विचारत नाही. ते तोंड लावणं आम्हाला कुणी फुकट दिलं नाही, त्याच्यासाठी माणसं भांडली. आणि मी खोटं बोलून एका बाटलीला तोंड लावून आलो. तेही दिलं गेलं ते मला नाही, वरच्या आळीच्या कुणा माणसाला.

भाकरी खाल्ली नाही. खाली उतरलो. पायऱ्यांपाशी पाड्यावरच्या बाया काकड्या घेऊन बसल्या होत्या, तिखट-मीठ लावून देणाऱ्या. एका म्हाताऱ्या मावशीपुढं बसलो. ती म्हणाली, “कुठनं आला रे बाबा?” आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी सगळं सांगून टाकलं. भिवंडीचा, गाव माण तालुक्यातलं, खालच्या आळीचा, आम्ही बौद्ध, आधीचे महार. छाती पुढं काढून सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं. काकडी चिरली, मीठ लावलं, हातात दिली.

“बरं,” म्हणाली. “सुट्टे हायत का?”

मला हसू आलं आणि रडूही. तिला काय त्याचं. जिथं सांगून काही तुटणार नव्हतं तिथं मी छाती काढून सांगत होतो. जिथं सांगायचं होतं ते ठिकाण वर राहिलं, दीड तास मागं. मी तिला विचारलं, पाड्यावर पाणी कुठनं आणता? “हापशी हाय. लांब,” ती म्हणाली. जंगल पाण्यानं भरलेलं, आणि हिची हापशी लांब. आम्ही दोघं थोडा वेळ पाऊस बघत बसलो.

बसच्या थांब्यावर ती चार पोरं उभी होती. लांबून ओळखली. त्यातला खटावचा माझ्याच दिशेनं बघत होता, पण पावसात त्याला मी दिसलो नसेन. तीस-चाळीस पावलं होती. जाऊन म्हणायचं, मगाशी चुकीचं सांगितलं, मी खालच्या आळीचा, जय भीम. वाक्य तयार होतं. मी झाडामागं उभा राहिलो. बस आली, ती बसली, बस गेली. मग मी सहा-सात किलोमीटर चालत आलो. पुढचा माणूस दिसत नव्हता एवढा पाऊस. येताना चाललो ते चालणं आणि जातानाचं चालणं, रस्ता तोच होता.

घरी आज्जी एकटी जागी होती. ती आता उठत नाही, पण रात्री तिला झोपही नसते. तिला सांगितलं. सगळं. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली.

मग म्हणाली, “प्यालास त्यात काय न्हाय. कुणी कायबी दील, माणूस पितंय. पर वरच्या आळीचा कशापायी झालास?”

मी गप्प.

“७२ ला वरच्या आळीची हीर आटली,” ती म्हणाली. “तळ उघडा पडला. आमचा वड्यातला झिरा हुता. आमी बायांनी वाळू उपसून काढल्याला. त्येला रातभर पाणी झिरपायचं. दिसा आमी खडी फोडाय जायचो, रातीचं पाणी भरायचो. वरच्या आळीच्या बाया यायच्या. रातीच्याच. त्वांडावर पदर वडून, कुणी बघू नये म्हून.”

“मग?”

“मग काय. मी म्हणलं, बाय, खाली उतर, तुझी तू भरून घे. मी वरनं वतणार न्हाय.” थोडा वेळ थांबली. “आन तू त्येंच्यातला झालास व्हय.” आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. ओंजळीची गोष्ट शंभर वेळा सांगितली, झिऱ्याची एकदाही नाही. का ते मला कळत नाही. कदाचित आम्हीच विचारत नव्हतो. आम्हाला तिच्या ओंजळीवर कविता करायच्या होत्या. ती पाणी देणारी होती हे आमच्या कामाचं नव्हतं. आपल्या म्हाताऱ्या माणसांना काय सोसलं ते विचारा, पण काय केलं तेही विचारा. लवकर विचारा.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर बदलला. सकाळी सातला लूम सुरू झाले, आठ वाजेपर्यंत कानात दुसरं काही उरलं नाही.

धबधब्यावर जायला हरकत आहे असं मी आता म्हणत नाही. मागचा लेख माझा चुकला. जंगल, पाणी, पाऊस ही काही त्यांची वतनं नाहीत, आणि एक दिवस हात रिकामे ठेवून चालायचा हक्क माणसाला आहे. तो आठ तासांच्या पाळीइतकाच मागायचा हक्क आहे. तुम्ही जा. कान्हेरीला जा. सोमवारी बंद असतं. पोढ्या बघा, पन्हळी बघा, पाणी कसं वळवलंय ते बघा. धारेखाली उभे राहा, ओरडा. मी पुढच्या पावसात पुन्हा जाणार आहे, कुणी येणार असेल तर सांगा. पण कुणी बाटली पुढं केली आणि गाव विचारलं, तर आधी आळी सांगायची, मग प्यायचं.

संपादकांना विनंती. ह्या लेखाखाली माझं नाव आडनावासकट छापा. गाव छापा, तालुका छापा. खालची आळी, हेही छापा. धंदा, लूम कामगार. त्या चौघांपैकी कुणाच्या हातात हा अंक पडणार नाही, हे मला माहीत आहे.

तरी छापा.